तोंडीचे वीस गुण
दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे २० गुण २०१९ला काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण पुढच्या वर्षी परतही आले. पण वाद सगळा टक्क्यांचा! मुलं इंग्रजी बोलतात का, हे कुणी विचारलं? अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टात संभाषण, वर्गात फळ्यावरची उत्तरं उतरवून घेणं आणि तोंडीला पाठ केलेल्या चार ओळी. तिन्हींची तोंडं तीन दिशांना. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६मध्ये मांडलेलं सूत्र साधं आहे: जे यायला हवं तेच वर्गात करून घ्या, तेच तपासा. मुलं हुशार असतात, गुण जिथे तिथेच कष्ट घेतात. तेव्हा शिक्षकांनो, जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा तक्ता भरण्याआधी तोंडीचे प्रश्न लिहून काढा.