छप्पर हवं ते जूनमध्ये

बक्षीस वितरणाला आलेल्या पुढाऱ्यांच्या हाती माईक पडला की पाच मिनिटांत स्टेडियम बांधून होतं. या आठवड्यात उमरखेडच्या वाट्याला 'भव्य इनडोअर ट्रॅक' आला. आपली पोरं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर पळतात याचं साहेबांना वाईट वाटलं. परदेशात म्हणे हिवाळ्यात छताखालीच शर्यती होतात.

होतात की! तिथं मैदानावर बर्फ साचतो म्हणून होतात. सभागृहात दोनशे मीटरचा ट्रॅक, वळणं तिरकी उचललेली आणि मधोमध सरळ पट्टा. शंभर मीटर मावत नाहीत म्हणून शर्यत साठची. रेषेपुढं थांबायलाही जागा बेताची, त्यामुळं समोरच्या भिंतीला जाड गाद्या. धावपटू ख्रिश्चन कोलमननं २०१८ साली हे अंतर ६.३४ सेकंदांत संपवलं.

आपला हिवाळा मात्र पळणाऱ्यासाठीच आलेला असतो. पहाटे पाचला ढाणकी रोडला किंवा पुसद रोडला जाऊन बघा. कानाला मफलर गुंडाळून पोलीस भरतीची पोरंपोरी पळत असतात. त्यांना थंडीचा त्रास नाही. त्रास आहे तो मागून येणाऱ्या ट्रकचा आणि कडेच्या पेव्हर ब्लॉकचा.

आता तेजस शिरसेकडे बघा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला हा पोरगा. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मिरामास इथं छताखाली साठ मीटर अडथळे ७.६४ सेकंदांत पळाला, राष्ट्रीय विक्रम केला. पाच अडथळे, जमीन सारखी, पाऊस नाही, चिखल नाही. आत वाराच नसल्यामुळं वाऱ्याचा हिशोबही नाही. बाहेरच्या शंभर मीटरला पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरहून जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. छताखाली ती भानगडच मिटते. वेळ कमी-जास्त झाली तर ती पळणाऱ्याचीच.

आणि आपली भरती? पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना शंभर मीटरला पूर्ण पंधरा गुण हवे असतील, तर ११.५० सेकंदांच्या आत यावं लागतं. शतांशानं उशीर झाला की गुण गेले, आणि भरतीत एकेका गुणावर यादी हलते. २०२४ ची चाचणी सुरू कधी झाली? १९ जूनला. सतरा हजारांवर जागा, सतरा लाखांवर अर्ज आणि डोक्यावर पावसाळा. पाऊस आला तर दुसरी तारीख देऊ, असं सरकारनं सांगितलं. तारीख बदलते हो, ओली माती कशी बदलणार? सकाळच्या कोरड्या पट्ट्यावर पळालेला आणि दुपारी सरीनंतर त्याच पट्ट्यावर घसरत पळालेला, दोघांची नावं एकाच यादीत. शिरसेला मिळालं ते छप्पर खरं तर या पोरांना हवं होतं. शर्यत त्याचीही काही सेकंदांची, यांचीही तेवढीच. त्याला विक्रम मिळाला. यांचा तर आयुष्याचा पगार टांगलेला.

म्हणजे साहेबांचं छप्पर चुकीचं नाही, महिना चुकीचा आहे. उमरखेडला छप्पर मे महिन्यात हवं, जेव्हा बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात सकाळी आठनंतर पळता येत नाही. जूनमध्ये हवं, जेव्हा काळी माती बुटाला सोडत नाही. त्याला भव्य काही लागत नाही. कापूस साठवायला बांधतात तसं पत्र्याचं लांब शेड, चार पट्टे, टोकाला गाद्या. हे मी आधीही लिहिलंय. तेव्हा मला कोणी चहालाही विचारलं नव्हतं, म्हणून आता साहेबांच्या तोंडून 'इनडोअर' ऐकून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

धास्ती वेगळीच आहे. आपल्याकडं 'इनडोअर' म्हटलं की बॅडमिंटनचा हॉल उभा राहतो आणि लग्नसराईत तो भाड्यानं जातो. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब. त्यात साठ मीटर पळायचे तर जवळजवळ साडेचार वेळा भिंत गाठावी लागेल. सरळ साठ मीटर, सुरुवातीला चार-पाच आणि थांबायला पंधरा-वीस, असे ऐंशीच्या आसपास मीटर लागतात. साहेबांनी भाषणात खर्च सांगितला, नाव कोणाचं द्यायचं तेही सांगितलं. लांबी सांगितली नाही.