भंगारात जाण्याआधी

गडचांदूर म्हटले की सिमेंट आठवते. ऐंशीच्या दशकात इथल्या चुनखडीवर कारखान्यांची धुराडी उभी राहिली आणि कोरपना तालुक्याचे नाव नकाशावर ठळक झाले. पण हा मुलूख आधी कपाशी-तुरीचा आहे, काळ्या चिकट मातीचा आहे. या मातीचा इतिहास सांगणारे एक यंत्र आज घरामागे, धुऱ्यावर, बाभळीखाली गंजत उभे असलेले दिसते. ते म्हणजे जुना ट्रॅक्टर. भंगारवाला वजनावर भाव करून तो उचलून नेतो, आणि घरात थोडी जागा मोकळी झाली याचेच समाधान उरते. हे समाधान महागात पडणारे आहे, असे मला वाटते.

ट्रॅक्टर आपल्याकडे आला तो शेतकऱ्याच्या ऐपतीने नव्हे, सरकारच्या गरजेने. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतातील लाखो एकर काळी जमीन कांस गवताने गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलांचा नांगर तिथवर पोचतच नसे. तेव्हा केंद्रीय ट्रॅक्टर संघटना निघाली. अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेली यंत्रे दुरुस्त करून ती कामाला लावली गेली. 1949 साली जागतिक बँकेने भारताला जे कर्ज दिले, त्यातले 1 कोटी डॉलर अशाच यंत्रांसाठी होते. त्या वेळी राजुरा-कोरपन्याचा हा भाग हैदराबाद राज्यात होता, तर वर्धा नदीपलीकडचे चांदा मध्य प्रदेशात.

शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर यायला साठचे दशक उजाडले. 1959 साली फरिदाबादला आयशरने देशातला पहिला ट्रॅक्टर बांधला. 1963 मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्यातले बी-275 हे मॉडेल कांदिवलीत तयार होऊ लागले. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, सुमारे 35 अश्वशक्ती, पुढचे आठ गिअर आणि मागचे दोन. शिवाय डिफरन्शियल लॉक. एक चाक चिखलात फिरत राहिले की हा लॉक लावायचा. दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी बाहेर येते. पावसाळ्यातली काळी माती ज्याने पाहिली आहे, त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. आजच्या नव्या महिंद्रवरही 275 हा आकडा दिसतो, तो याच वंशाचा.

दुसरे घराणे मॅसी फर्ग्युसनचे. मद्रासच्या टॅफे कंपनीने ते देशात रुजवले. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसापूर्वी बहुतेक ट्रॅक्टर नांगर नुसता ओढून नेत. फाळ दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो चालकावरच उलटे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि तेलाच्या दाबाने उचलता येईल असा केला. त्यामुळे नांगराचा ताणच मागच्या चाकांना जमिनीत घट्ट धरू लागला आणि हलक्या ट्रॅक्टरलाही जोर आला. एडमंड हिलरी 1958 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरवरूनच! आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, मागे तेच तीन बिंदू दिसतील.

या यंत्रांना सोन्याने मढवण्याचे कारण नाही. चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट नव्हती. फिरत्या शाफ्टवरचे झाकण बहुधा काढून ठेवलेले असे, आणि त्यात धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकून माणसे जायबंदी झाली. हप्त्यांपायी कित्येकांची शेती गहाण पडली. बैलजोडी गेली, तशी शेणखताची सोयही आटली. हा हिशेबही इतिहासाचाच भाग आहे.

तरीही या यंत्राजवळ एक मोठा गुण होता. ते उघडून पाहता येत असे. नोझल, फिल्टर, क्लच प्लेट, सारे डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. गावातला मिस्त्री, ज्याने शाळेचे तोंडही धड पाहिले नाही, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखी. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा शेतात उभा राही. आता यंत्रांत इलेक्ट्रॉनिक्स शिरत आहे आणि दुरुस्ती हळूहळू कंपनीच्या माणसाकडे सरकत आहे. मृगाचा पाऊस मात्र कंपनीच्या माणसाची वाट पाहत थांबत नाही. थोडक्या एकरांच्या शेतकऱ्याला हे परवडणारे नाही.

आणि कंपन्या तरी कुठे अमर असतात? 1971 पासून झेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढणाऱ्या सरकारी एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. त्यानंतर ज्यांच्या दारात ते ट्रॅक्टर होते, त्यांना आधार उरला तो जुन्या मिस्त्रीचा आणि भंगारातून मिळणाऱ्या सुट्या भागांचा.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. तालुक्याच्या आयटीआयमध्ये किंवा सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात एक तरी जुना ट्रॅक्टर चालू स्थितीत ठेवावा. काचेच्या पेटीत नव्हे, तर मुलांनी खोलून पुन्हा जोडावा यासाठी. त्यांना शिकवायला गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे. आणि नव्या ट्रॅक्टरबरोबर दुरुस्तीचे सविस्तर पुस्तक मराठीत मिळावे, असा आग्रह खरेदीच्या वेळीच प्रत्येकाने धरावा. लाखो रुपये मोजणाऱ्याला आपले यंत्र समजून घेण्याचा हक्क असायलाच हवा.

लोखंडाला भंगारात भाव मिळतो. मिस्त्रीच्या हातातल्या विद्येला तोही मिळत नाही, आणि एकदा गेली की ती परत विकतही घेता येत नाही.