अस्सल कागद आणि उसने ज्ञान

इतिहास हा विषय घेऊन पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यापुढे अठराव्या शतकातील एखादे अस्सल मराठी पत्र ठेवावे. बहुधा तो ते उलटसुलट करून पाहील आणि मुकाट्याने परत करील. पत्र त्याच्याच भाषेतले, कदाचित त्याच्याच गावासंबंधीचे. पण ते मोडीत आहे आणि मोडी त्याला कोणी शिकवलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ही लिपी शाळांतून गेली आणि पूर्वजांचा पत्रव्यवहार वारसांना परका झाला. इतिहासाविषयी एवढी अस्मिता बाळगणाऱ्या समाजाला इतिहासाचे कागद वाचता येऊ नयेत, हा विरोधाभास विलक्षण म्हटला पाहिजे.

वस्तुतः महाराष्ट्राची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे तिचे २२ खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव फिरले आणि वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी धुंडाळली. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेतले शिक्षक. पटवर्धनांच्या दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही याच ध्यासातून. या मंडळींना ना अनुदान होते, ना मार्गदर्शक. कागद बोलल्याशिवाय आपण बोलायचे नाही, एवढी शिस्त मात्र होती.

आज संशोधनाचा उच्चार पूर्वीपेक्षा अधिक होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी संशोधनाची वाट ठेवली आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु प्रकल्प म्हणून जे सादर होते, ते पुष्कळदा पाच छापील पुस्तकांतून तयार केलेले सहावे पुस्तक असते. पहिल्याने केलेली चूक दुसऱ्याने उचलायची आणि तिसऱ्याने तिला तळटीप जोडायची, म्हणजे ती प्रमाण ठरते! याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मार्गदर्शकानेच दप्तरखान्याची पायरी चढलेली नसेल, तर शिष्याने कोणाचे पाहून चढावी?

मूळ साधनाने काय फरक पडतो, याचे उत्तर शिवजन्मतिथीच्या वादात सापडते. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मधला मानला जात असे. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी मिळाली. समकालीन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तिला दुजोरा दिला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख संशोधकांनी ग्राह्य धरली, ती कोणाच्या आवेशामुळे नव्हे. घटनेच्या अधिक जवळचे आणि परस्परांहून स्वतंत्र असे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, म्हणून.

अर्थात कागद अस्सल असला की तो सत्यवादीच असतो, असे नव्हे. वतनाच्या तंट्यात बनावट महजर पुढे केले जात. स्वारीवरचा सरदार आपला पराक्रम फुगवूनही लिही. म्हणून पत्र कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने लिहिले, हे आधी विचारावे लागते. ते केव्हा लिहिले, हा प्रश्नही सोपा नसतो. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असते. हे शुहूर सन ११६१. मृग नक्षत्रापासून सुरू होणारे हे वर्ष इसवी सनाच्या १७६०-६१ शी जुळते. म्हणजे पानिपतचे साल! ज्याला हे आकडे उलगडत नाहीत, त्याच्या हाती पानिपतचा कागद आला तरी तो त्याला ओळखणार नाही.

महत्त्वाचे सारे छापून झाले आहे, आता मुळाकडे कशाला जायचे, असा युक्तिवाद कोणी करतील. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, हे काम प्रचंड आहे. पण ‘निवडक’ या शब्दातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. स्वाऱ्या, तह आणि कारस्थाने यांचे कागद निवडणाऱ्यांना प्रथम दिसले. गावचे जमाखर्च, बलुतेदारांचे हक्क, विधवेने वतनासाठी केलेली तक्रार यांचा नंबर मागे राहिला. सामान्य माणसाचा इतिहास लिहावयाचा, तर तो न छापलेल्या रुमालांतच शोधावा लागेल.

हा केवळ विद्वानांचा प्रश्न राहिलेला नाही. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची चणचण एकाएकी सर्वांना जाणवली. आरक्षणासंबंधी कोणाची भूमिका काहीही असो. नागरिकाचा दावा ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद वाचणारा माणूस दुर्मिळ असावा, हे शासनालाही भूषणावह नाही आणि विद्यापीठांनाही नाही.

उपाय अवघड नाहीत. इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात मोडी वाचन आणि कालगणना यांना ऐच्छिक नव्हे, अनिवार्य स्थान हवे. प्रबंधाचे गुण देताना किती ग्रंथ वाचले यापेक्षा एक तरी मूळ साधन कसे पारखले, हे पाहावे. प्रत्येकाने पुणे-मुंबई गाठण्याचीही गरज नाही. नगरपालिकेची जुनी कार्यवृत्ते, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, गावची जन्ममृत्यूची नोंदवही, देवस्थानाचे जमाखर्च, हीही प्राथमिक साधनेच आहेत. एका महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील अशा कागदांची नुसती यादी केली, तरी पुढच्या पिढीवर उपकार होतील. राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पुष्कळ कागदांच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आहेत. पण प्रतिमा पडद्यावर आली म्हणून ती वाचता येत नाही. डोळा तयार करावाच लागतो.

वाळवी परीक्षेच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. माळ्यावरचा एक कागद नष्ट झाला की त्याची दुसरी प्रत कोठे मिळेलच, असे नाही. इतिहासाचा अभिमान मिरवणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. वाण आहे ती कागदावरची धूळ झटकून तो उजेडात धरणाऱ्यांची. ते घडवण्याचे काम महाविद्यालयांनी केले नाही, तर ते दुसरे कोण करणार?