पैसे कोणी दिले, हे आधी विचारा

मृग तोंडावर आला आहे. आपल्या जिल्ह्यात रिसोड-मालेगावपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंत वावरं वखरून तयार आहेत. पीककर्जाचे पैसे कुणाच्या हातात आलेत, कुणाचे येत्या आठवड्यात येतील. ते कशावर खर्च करायचे, हे याच पंधरा दिवसांत ठरणार आहे. म्हणून आत्ताच थांबा. माझं एवढं ऐका.

तुमच्या घरी रोज घडतं तेच सांगतो. रात्री जेवणं झाली की ओसरीवर बाज पडते, पोरगा मोबाइल लावतो आणि घरातली चार माणसं त्यावर वाकतात. सोयाबीनच्या वावरात एक तरुण उभा आहे. तो एक झाड उपटतो, उलटं धरतो आणि शेंगा मोजायला लागतो. साठ, ऐंशी, शंभर. मग बाटली पुढे करतो. ‘मी स्वतः वापरलं भाऊ, तुम्हीही वापरा, नंबर खाली दिला आहे.’ त्याची बोली आपली. अंगावरचा शर्ट आपल्यासारखाच घामानं भिजलेला. तुमचा विश्वास बसतो. का बसू नये? शेजारच्या वावरातल्या माणसाचा शब्द ऐकूनच आपण आजवर शेती करत आलो.

पण अशा कितीतरी व्हिडिओंमागे एक गोष्ट झाकलेली असते. बाटली त्याला फुकट आलेली असते. व्हिडिओचे पैसे कंपनीनं मोजलेले असतात. कधी त्याच्या नावाचा कूपन कोड असतो आणि तुमच्या प्रत्येक खरेदीवर त्याला कमिशन मिळतं. त्यानं पैसे घेतले म्हणून मी त्याला दोष देत नाही. त्यालाही घर आहे. पण पैसे घेतल्याचं त्यानं लपवलं, तर तो विक्रेता असून शेजारी म्हणून तुमच्या ओसरीवर येऊन बसला. विक्रेत्याचं बोलणं आपण हात राखून ऐकतो. शेजाऱ्याचं ऐकताना मन मोकळं असतं. त्या मोकळ्या मनाचीच किंमत कंपनी त्याला देते.

आता ते झाड पुन्हा नीट पाहा. तुम्ही जन्मभर सोयाबीन पाहिलं आहे. धुऱ्याजवळ, तिफण वळते तिथे बी विरळ पडतं. तिथल्या झाडाला ऊन भरपूर, जागा भरपूर. ते चहूकडे फांद्या फोडतं आणि शेंगांनी लगडतं. दाट तासातलं झाड नुसतं उंच जातं आणि शेंगा कमी धरतं. विरळ जागेतलं झाड निवडून उपटलं तर एकही बाटली न मारता शंभर शेंगा मोजून दाखवता येतात. एका झाडाच्या शेंगांवरून एकराचा उतारा कळत नाही. तो कळतो पोतं काट्यावर चढतं तेव्हा. म्हणून त्या तरुणाला विचारा. भाऊ, झाड कुठलं उपटलं? बाजार समितीची काटापट्टी दाखव. बाटली न मारलेलं तुझं वावर दाखव. आणि ही बाटली तू विकत घेतली की तुला मिळाली, तेही सांग.

मी हे विचारलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी असाच एक व्हिडिओ पाहून मी चार एकरांसाठी टॉनिक मागवलं. पैसे कमी पडले, ते बायकोनं बचत गटातून उचलून दिले. फुलोऱ्यात एक फवारणी केली, शेंगा भरताना दुसरी. वावर हिरवंगार दिसायला लागलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी धुऱ्यावर नेऊन दाखवत होतो. मळणी झाली आणि उतारा आला शेजाऱ्याइतकाच. त्यानं टॉनिकचा थेंबही मारला नव्हता. पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण खरी चूक मला नंतर कळली. मी सगळंच वावर फवारून टाकलं होतं. फवारणीविना एक तासही सोडलं नव्हतं. जे काही पिकलं ते बाटलीनं की पावसानं, हे सांगायला माझ्यापाशी काहीच उरलं नाही. गटाचे हप्ते मात्र होळीपर्यंत फेडले. त्या दिवाळीला लेक माहेरी आली आणि साडीविना गेली. ती काही बोलली नाही. तेच आजही लागतं.

तुमच्या घरी हे होऊ देऊ नका. यंदा एखादं टॉनिक मारायचंच असेल तर वावराच्या मधोमध आठ तास, म्हणजे आठ ओळी, सोडा. चारी बाजूंना खुंट्या ठोका. त्या आठ तासांवर धुतलेल्या पंपानं नुसतं पाणी मारा. खत, डवरणी, कीटकनाशक बाकी वावरासारखंच ठेवा. सोंगणीला ते आठ तास आणि शेजारचे फवारलेले आठ तास वेगळे सोंगा, वेगळे मळा, वेगळे तोला. एवढं केलं की कोणत्याही व्हिडिओपेक्षा पक्कं उत्तर तुमच्या स्वतःच्या वावरात मिळेल. विद्यापीठंही वाण आणि औषधं अशीच शेजारीशेजारी लावून पारखतात, फक्त अनेक ठिकाणी आणि अनेक हंगाम. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा हे वाण अशा चाचण्यांतूनच आपल्यापर्यंत आले. करड्याचं कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच रिसोड तालुक्यात आहे. बाटलीचा फोटो घेऊन तिथे जा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि हा बाजार लहान समजू नका. ज्याला आपण टॉनिक म्हणतो, त्यातल्या बऱ्याच मालाला सरकारी कागदावर बायोस्टिम्युलंट म्हणतात. २०२१ मध्ये तो खत नियंत्रण आदेशाखाली आला. तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की देशात अशी सुमारे ३०,००० उत्पादनं तपासणीविना विकली जात होती. कडक तपासणी लावल्यावर आकडा सुमारे ६५० वर आला. विचार करा. जी हजारो उत्पादनं मधल्या मध्ये गळाली, त्यांचीही कुणीतरी छातीठोक तारीफ केली असेल. त्यांच्यासाठीही कुणीतरी बचत गटातून पैसे उचलले असतील.

काही वेळा नुकसान पैशांवर थांबत नाही. २०१७ चा पावसाळा आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, जहाल औषधांची मिश्रणं, तोंडावर साधा रुमाल. आजही व्हिडिओत सांगतात, ‘हे आणि ते एकत्र करा, एकाच फेऱ्यात काम होतं.’ सांगणारा त्या पंपाखाली नसतो. पंपाखाली तुमचा भाऊ असतो, नाहीतर दिवसाच्या रोजावर आलेला गावातलाच गडी असतो. त्याच्या घरीही वाट पाहणारी लेकरं आहेत. लेबलावर लिहिलेलं नसेल ते मिश्रण करू नका. कुणाला करायला लावू नका.

चॅनेल चालवणाऱ्या आपल्या पोरांनो, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही आमचीच लेकरं आहात. कुणी तुम्हाला वाईट म्हणावं असं मला वाटत नाही. तुम्हीच तर बाजारभाव सांगता, पावसाचा अंदाज सांगता, मळणीयंत्र उघडून आतलं सगळं दाखवता. गावानं तुमच्यावर जीव टाकला तो त्यासाठी. तो जीव पाच-दहा हजारांत विकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तारीफ करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करायला एक वर्ष बंदी येऊ शकते, नंतर तीन वर्षं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे. पैसे, फुकट माल, सहल, भेटवस्तू, सूट, नातं, यांतलं काहीही असेल तर ते उघड करा. ज्या भाषेत तारीफ केली त्याच भाषेत करा. व्हिडिओत दाखवा आणि तोंडानंही बोला. खाली बारीक अक्षरात इंग्रजी शब्द टाकून सुटका नाही.

मग म्हणा ना मोकळेपणानं! ‘भाऊहो, या व्हिडिओचे मला कंपनीनं पैसे दिले आहेत.’ एवढं एक वाक्य. तोंड उघडताच पहिलं वाक्य. लोक उठून जाणार नाहीत. उलट खरं बोलणाऱ्याचंच पुढच्या हंगामात ऐकतील. आणि ज्या बाटलीनं काही झालं नाही, तिचाही व्हिडिओ टाका. आठ तास सोडा, काट्यावर तोला, जो आकडा येईल तो दाखवा.

बियाण्याचं तर विचारूच नका. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कितीतरी घरांनी त्या वर्षी दोनदा पेरलं. दुबार पेरणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तरी आज व्हिडिओखालच्या नंबरवर पैसे पाठवून कुरिअरनं बियाणं मागवलं जातं. बिल नाही, टॅग नाही. परवानगी नसलेल्या कपाशी बियाण्याची, म्हणजे चोर बीटीची, पाकिटंही अशीच हातोहात फिरतात. उगवलं नाही तर दाद कुणाकडे मागणार? तो नंबर तेव्हा बंद असतो.

म्हणून परवान्याच्या दुकानातूनच घ्या. पक्कं बिल मागा, लाजू नका. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, सत्यप्रत बियाण्याला हिरवा. टॅग फाडून फेकू नका. बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बी मळणीपर्यंत डब्यात जपून ठेवा. उगवण बसली नाही तर वाट पाहू नका, लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, पंचनामा मागा. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात मान्य केलं आहे. ग्राहक आयोगाचं दार तुमच्यासाठी उघडं आहे. लपवलेल्या जाहिरातीची तक्रार १९१५ या क्रमांकावर करा. फोन करण्याआधी व्हिडिओ जपून ठेवा, तो पुसला जाऊ शकतो.

आणखी एक काम आहे. ते तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. फसलात तर सांगा. आपण फायदा झाला की पारावर सांगतो, नुकसान झालं की गप्प बसतो. लाज वाटते. ती लाजच कंपन्यांचा माल खपवते. तुम्ही गप्प बसलात की पुढच्या वर्षी तोच माल तुमच्या मेहुण्याच्या घरी जातो. गावाच्या ग्रुपवर लिहा. बचत गटाच्या बैठकीत बोला. ताई, घरात बाटली आली की आधी तुम्ही विचारा, कारण हप्ता तुम्हालाच भरायचा असतो. शाळा शिकलेल्या पोरांनो, आजोबांच्या मोबाइलवर व्हिडिओ लागला की कोपऱ्यात ‘जाहिरात’ लिहिलं आहे का, ते त्यांना वाचून दाखवा.

वेळ थोडा आहे. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत तिफण धरायची नाही, तेवढेच दिवस हातात आहेत. आज रात्री मोबाइल बाजूला ठेवा. गोणपाटाचा तुकडा भिजवा. पिशवीतले शंभर दाणे न निवडता मोजून घ्या, दहा-दहाच्या ओळींत मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर घाला आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. पोतं आपटू नका, सोयाबीनचं साल नाजूक असतं. रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी सगळ्या घरानं बसून मोजा. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले तर पेरा. थोडे कमी आले तर बी वाढवून पेरा. फारच कमी आले तर ती पिशवी वावरात नेऊ नका, बिलासकट दुकानात परत न्या. आणि जे मोजलं ते गावाच्या ग्रुपवर टाका, वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून. कुणी पैसे न देता.