आडात बघा, मग पोहऱ्याला दोष द्या

"दादा, मंगळवारपासून एकही मेल आलेला नाही. म्हणून खातं काढून पुन्हा टाकलं, तरी येत नाही. आणि आता जुनेसुद्धा दिसेनात."

संगणक दुरुस्तीची कामं करणाऱ्याला यातलं पहिलं वाक्य रोजचंच असतं. दुसरं ऐकून तो खुर्चीत सरळ होतो. तिसऱ्यावर तो विचारतो, "बॅकअप घेतलेला आहे का?" आणि पलीकडून आवाज आला नाही की उत्तर कळतं.

हे लिहायचं कारण ते दुसरं वाक्य. मेल यायचे थांबणं हा पुष्कळदा दहा मिनिटांचा बिघाड असतो. पण तेवढ्यात धीर सुटतो, शेजारचा कुणी सांगतो, "खातं डिलीट करून परत टाका," आणि दहा वर्षांची पत्रं, करारांच्या प्रती, ऑर्डरी हातच्या जातात. वकिलांची आणि कर सल्लागारांची कार्यालयं, एमआयडीसीतले लहान कारखाने, सोसायट्यांचे सचिव, निवृत्त शिक्षक अशा अनेकांचा व्यवहार आजही टेबलावरच्या संगणकातल्या आउटलुक किंवा थंडरबर्डवर चालतो. त्या सगळ्यांना विनंती आहे: मेल थांबले तर काहीही काढून टाकू नका. आधी क्रमाने बघा.

तो क्रम आपल्या एका म्हणीतच आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्हाला पाठवलेला मेल आधी मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर उतरतो. तो आड. तुमच्या संगणकातला प्रोग्राम हा पोहरा. ठरावीक वेळाने तो आडात उतरतो आणि असेल ते वर आणतो. इंटरनेट आणि पासवर्ड हा मधला दोर.

म्हणून पहिलं काम असं करा. प्रोग्राम आहे तसा राहू द्या. ब्राउझर उघडून मेलसेवेच्या संकेतस्थळावर तुमचं खातं उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी एक चाचणीचा मेल पाठवायला सांगा. तो ब्राउझरमध्ये दिसला, तर आडात पाणी आहे. दोष पोहऱ्यात किंवा दोरात आहे. तिथेही दिसला नाही, तर आउटलुकची कितीही मोडतोड करून उपयोग नाही.

आडातच नसेल तर

पहिला संशय जागेचा. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, पण ती एकट्या मेलची नसते. गुगल ड्राइव्हमधल्या फायली आणि गुगल फोटोज्‌मधले फोटो त्याच १५ जीबीत बसतात. मेल तर मी वेळच्या वेळी काढतो, असं म्हणणाऱ्याचं खातं नातवाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओंनी भरलेलं असतं. खातं भरलं की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. जागा मोकळी केल्यावर ते आपोआप येत नाहीत. पुन्हा पाठवा म्हणून सांगावं लागतं. आणि काढलेले मेल कचरापेटीत पडून असतील तर तेही जागा अडवतात. पेटी रिकामी करा.

दुसरी जागा स्पॅमची. बँकेचं, सरकारी खात्याचं, नव्या ग्राहकाचं पत्र तिथे जाऊन पडतं, आणि जीमेलमध्ये स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसले जातात. दोन दिवसांनी एकदा तिथे नजर टाकायची सवय ठेवा.

तिसरी पाहणी ब्राउझरमधल्या सेटिंगमध्ये. तिथे 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' असे भाग असतात. तुमचे मेल तुम्ही न दिलेल्या एखाद्या पत्त्यावर पुढे जात असतील, तर हा बिघाड नाही, घुसखोरी आहे. तो पत्ता लगेच काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन त्यावर मेल चालवणाऱ्या दुकानदारांनी आणि कारखानदारांनी आणखी एक तारीख बघावी. डोमेनचं नूतनीकरण ठरलेल्या मुदतीत करावं लागतं. ते राहिलं की संकेतस्थळ आणि मेल दोन्ही बंद पडतात. आठवणीचं पत्र बहुधा पूर्वी संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर जातं, आणि तो मुलगा आता पुण्यात दुसऱ्या नोकरीत असतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे मालकाला स्वतःला माहीत हवं.

यातलं काहीच नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा, "मेल परत आला का?" परत आलेल्या मेलमध्ये कारण लिहिलेलं असतं. तो मजकूर फोटो काढून मागवून घ्या. पुष्कळदा पत्त्यातलं एखादं अक्षरच चुकलेलं निघतं.

आडात आहे, पोहऱ्यात येत नाही

आता प्रोग्रामकडे वळा, पण सोप्यापासून सुरुवात करा. आउटलुकमध्ये 'वर्क ऑफलाइन' नावाचं बटण असतं. चुकून दाबलं गेलं की प्रोग्राम आडाकडे जाणंच सोडून देतो. थंडरबर्डमध्ये हीच खूण खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते. त्यानंतर बघा की इनबॉक्स तारखेनुसार लावलेला आहे ना, 'फक्त न वाचलेले दाखवा' अशी गाळणी लागलेली नाही ना, आणि जुना एखादा नियम नवे मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकत नाही ना. मेल आलेला असतो, फक्त डोळ्यांसमोर नसतो.

मग पासवर्ड. मोबाइलवर पासवर्ड बदलला, तर संगणकातला प्रोग्राम जुन्याच किल्लीने दार ठोठावत राहतो. पण हल्ली असंही होतं की पासवर्ड अगदी बरोबर आहे, तरी दार उघडत नाही. नुसता पासवर्ड घेऊन आत सोडण्याची जुनी पद्धत मोठ्या कंपन्यांनी बंद केली. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती मे २०२२ च्या अखेरीस थांबवली, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. आता प्रोग्रामला कंपनीचंच लॉगिनचं पान उघडावं लागतं. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये या पद्धतीला 'ओऑथ२' म्हणतात. 'नॉर्मल पासवर्ड'च्या जागी ती निवडा. प्रोग्रामला ही पद्धत येत नसेल, तर गुगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढता येतो. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात, एवढं ध्यानात असू द्या.

आता एक न सुचणारी गोष्ट. संगणकाचं घड्याळ बघा. सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत असते. संगणक समजत असेल की आज २०१२ साल चालू आहे, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो बोलणंच तोडतो. जुन्या संगणकात मदरबोर्डवर 'सीआर २०३२' हा नाण्याएवढा बटण सेल असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायचं, ही आपल्या कार्यालयांतली रीत. सेल संपला की रोज सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं, आणि मेल रोज सकाळी 'बिघडतो'. थोड्या पैशांचा सेल बदलला की काम होतं.

घड्याळ ठीक असेल तर सेटिंगमधले 'पोर्ट', म्हणजे दारांचे क्रमांक तपासा. मेल आणण्याच्या आयमॅप या पद्धतीचं सुरक्षित दार ९९३, पॉप या दुसऱ्या पद्धतीचं ९९५. जाणाऱ्या मेलचं दार वेगळं, ४६५ किंवा ५८७. म्हणूनच मेल जातात पण येत नाहीत, हे अगदी शक्य आहे आणि त्यात गूढ काही नाही. क्रमांक बरोबर असूनही दार उघडत नसेल तर अँटिव्हायरसमधली मेल तपासणी तेवढी पाच मिनिटं बंद करून बघा. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका.

एखाद्या जड अटॅचमेंटचा मेल पोहऱ्यात अडकून बसतो आणि त्याच्यामागची सगळी रांग थांबते. ब्राउझरमधून तो मेल उघडा, अटॅचमेंट उतरवून घ्या आणि मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. रांग पुढे सरकते.

पोहऱ्यालाही माप असतं. आउटलुक पॉप खात्याचे सगळे मेल एका 'पीएसटी' फायलीत ठेवतो. २००३ आणि २००७ च्या आउटलुकमध्ये या फायलीची नेहमीची मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ती ५० जीबी आहे. फाइल काठोकाठ आली की नवं काही आत जात नाही. थंडरबर्डमध्ये फोल्डर बिघडला, तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे. दुरुस्ती कुठलीही असो, आधी त्या फायलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.

आणि पोहराच गंजला असेल तर? विंडोजमधला 'मेल' नावाचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला. एक्सपीच्या काळातल्या आउटलुक एक्सप्रेसला तर आजची कुलपं उघडताच येत नाहीत. टीएलएस नावाच्या या कुलपांच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या. अशा प्रोग्रामवर तास घालवू नका. जुने मेल जपून ठेवा आणि नवा प्रोग्राम घ्या. थंडरबर्ड मोफत आहे.

खातं काढण्याआधी एकच प्रश्न

तुमचं खातं पॉप आहे की आयमॅप? सेटिंगमध्ये सर्व्हरच्या प्रकारासमोर हे लिहिलेलं असतं. पॉप ही पद्धत १९८४ ची. संगणकाने थोडा वेळ जोडणी करायची, मेल घरी आणायचे आणि जोडणी सोडायची, असा तिचा हिशेब. त्यामुळे पॉपचा पोहरा पाणी उपसतो. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या ओळीसमोर टिचकी नसेल, तर आणलेला मेल आडातून पुसला जातो आणि त्याची एकमेव प्रत तुमच्या संगणकात राहते. कार्यालयात दोन संगणकांवर तेच खातं पॉपने लावलेलं असेल, तर ज्याने आधी उपसलं त्याला मेल मिळतो आणि दुसरा म्हणतो, "माझ्याकडे येतच नाही."

आयमॅप १९८६ ची, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलेली. तिच्यात मेल आडातच राहतात आणि मोबाइल, घरचा संगणक, कार्यालयातला संगणक, सगळे तिथेच डोकावतात. आयमॅपचं खातं काढून पुन्हा लावलं तर सर्व्हरवरचे मेल परत येतात. तरीही 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवलेलं जे काही असेल ते फक्त तुमच्याकडे असतं, हे विसरू नका.

खातं आधीच काढून बसला असाल, तर तिथेच थांबा. संगणक फॉरमॅट करू नका, काही पुसू नका. आउटलुकची पीएसटी फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये अजून असते आणि ती पुन्हा उघडता येते. थंडरबर्डही खातं काढताना 'मेलसुद्धा पुसायचे का' हे वेगळं विचारतो. तिथे हो म्हटलेलं नसेल, तर मेल डिस्कवर असतात.

मदतीच्या नावाखाली

एक सावधगिरी. मेल अडले की लोक इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधतात आणि वर दिसेल तो क्रमांक फिरवतात. पलीकडचा गोड बोलतो, संगणक दुरून चालवायचं ॲप टाकायला लावतो, मग ओटीपी मागतो. तुमची मेलपेटी भरली आहे, इथे टिचकी मारा, असे मेलही याच जातीचे. मेल दुरुस्त करायला कुणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही. मदतीचा क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आज तुमचे मेल सुरळीत येत असतील, तर हीच वेळ आहे. प्रोग्रामची सेटिंग उघडा आणि खातं पॉप आहे की आयमॅप, सर्व्हरचं नाव काय, दाराचा क्रमांक कोणता, डोमेनची मुदत कधीपर्यंत, एवढं हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका. आणि सेटिंगमध्ये पॉप दिसलं, तर आज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करण्याआधी मेलच्या फायलीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.