दुपारी अडीचला घरात कोण?

मार्च २०२४मध्ये स्टार प्रवाहने साडेसातला ‘घरोघरी मातीच्या चुली’ आणली आणि ‘आई कुठे काय करते’ दुपारी अडीचला ढकलली. टीआरपीत कधीकाळी आघाडीवर असलेली ही मालिका नोव्हेंबरअखेर संपलीही. नव्या मालिकेला हक्काची वेळ हवी, हे मान्य. पण अडीचला अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यातली बाई कुठे असते? दिवाळीच्या आगेमागे तर सोयाबीनच्या सोंगणीला, नाहीतर ओटी बांधून कापूस वेचायला. तिचा टीव्ही लागतो दिवेलागणीनंतर, तोही स्वयंपाक करता करता. टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ची मीटरं निवडक घरांत, बंद टीव्हीमागचं कारण ती सांगत नाहीत. वेळ बदलल्यामुळे तुमची कोणती मालिका सुटली? जरूर कळवा.