मुंग्या आलेली बोटे

धनत्रयोदशीला नवे भांडे घरात आले, की त्यावर नाव घालून घेण्याची आपल्याकडची जुनी चाल. 'चि. सौ. कां. हिस मामांकडून सप्रेम भेट' एवढी अक्षरे ताटाच्या काठावर उमटतात. ती वाचताना कोरणाऱ्याच्या बोटांची आठवण मात्र कोणालाच होत नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीत या सदरात त्या बोटांविषयीच लिहावे म्हणतो.

धातूवर हाताने कोरण्याचे काम मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. नवा शिकाऊ महिनाभरात एक तक्रार घेऊन येतो, "मास्तर, रात्री बोटांना मुंग्या येतात हो!" त्यावर शेजारचा जुना गडी हमखास म्हणणार, "येऊ देत. हात मुरतोय!" हे मुरणे मला मान्य नाही. तळहाताला घट्टा पडणे निराळे आणि बोट बधिर होणे निराळे. घट्टा कातडीला पडतो, बधिरपणा नसेला येतो. कातडी जाड होऊन स्वतःला सावरते. रोज दाबली जाणारी नस तशी सावरत नाही.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला येई. हात सुरेख, चिकाटी दांडगी. चार महिने तिची बोटे बधिर होत होती, पण 'बायकांचे हात नाजूकच' असे कोणी म्हणेल या भीतीने तिने ब्र काढला नाही. एक दिवस सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा बोलली. डॉक्टरांनी मनगट तपासले, काही आठवडे काम थांबवले आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला सांगितली. आज ती पुन्हा कोरते. पण आणखी वर्षभर गप्प बसती, तर हातचा धंदा हातातून जाता.

कोणते बोट बधिर होते, हे प्रथम पाहावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची आतली बाजू यांची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते. त्याच वाटेने बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. मनगट वाकवून जोर लावला की तिथे दाटी होते. करंगळी आणि तिच्या शेजारची बाजू बधिर होत असेल, तर गुन्हेगार बहुधा टेबलाची धार असते. कोपर तिच्यावर टेकून बसले, की तिथून जाणारी दुसरी नस चेपते. कधी मुठीचा दट्ट्या तळहाताच्या बुडाशी रुततो, त्यानेही हेच होते.

आता उपाय. पहिला उपाय धारेचा. बोथट कोरणी जोर मागते, जोरासाठी मूठ आवळावी लागते आणि आवळलेली मूठच नसेच्या मुळावर येते. कोरणीचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. घसरले तर पुन्हा दगडावर घ्यावी, अडकले तर धार ठीक. साधारण ४५ अंशांचे तोंड आणि पोटाला १५ ते २० अंशांचा उठाव नवशिक्याला पुरे. रेघ खोल हवी असेल, तर एका दमात ओढू नये; दोन-तीन हलक्या फेऱ्यांत काढावी.

दुसरा उपाय मापाचा. दुकानातली कोरणी लांब असते. ती आपल्या हातापुरती तोडून घ्यावी. मूठ तळहातात बसली असता टोक अंगठ्याच्या पुढे अर्धा-पाऊण इंच यावे. त्याहून लांब असेल, तर मनगट वाकते. मूठ गुळगुळीत आणि तळहात भरेल एवढी जाड असावी. बारीक मुठीचा सारा भार एका ठिकाणी पडतो.

तिसरा उपाय, फिरायचे ते कामाने, हाताने नव्हे. वळण आले की शिकाऊ मनगट मुरडतो. त्याऐवजी काम वाळूच्या चामडी गादीवर किंवा फिरत्या शेगड्यात धरून डाव्या हाताने कोरणीकडे वळवावे. उजवा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. बैठक अशी असावी, की खांदे उचलावे लागू नयेत आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मऊ आधारावर टेकेल. वीस-पंचवीस मिनिटांनी कोरणी खाली ठेवून बोटे मोकळी करावीत.

यंत्राने ही कटकट संपते, असे समजणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या बेडफर्ड येथील चुनखडी दगड घडवणारे कामगार तपासले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या त्या लोकांची बोटे थंडीत पांढरी पडत, बधिर होत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची तर अधिकच. नाव घालण्याचे थरथरते विजेचे यंत्र त्या हातोड्याहून कितीतरी सौम्य. पण तेही आवळून तासन् तास धरू नये.

एवढे करूनही मुंग्या जात नसतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, वस्तू हातून पडत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग झडल्यासारखा दिसत असेल, तर तेल चोळीत बसू नये, डॉक्टर गाठावा. मधुमेह आणि थायरॉईडचे विकारही अशाच मुंग्या आणतात, तेव्हा सारा दोष कोरणीवर लोटणेही बरे नव्हे.

या सुटीत कोणी हौसेने कोरणी हाती धरणार असेल, तर त्याने पहिला आठवडा धार लावण्यातच घालवावा. तांब्याचा पत्रा कुठे पळून जात नाही.